मन थाऱ्यावर नसताना गोधडी शिवायला घ्यावी का?

तुम्ही लिहिलंय की नोकरी गेली, वडील गेल्याला अजून वर्ष व्हायचंय, रात्री दोन दोन वाजेपर्यंत फोनवर युद्धाच्या नि लेऑफच्या बातम्या बघत पडून राहता, कोणीतरी सांगितलं की हाताने शिवलं की मन शांत होतं, तर हे खरं का, पुरुषाने केलं तर चालतं का, आयुष्यात सुई धरली नाही तर सुरुवात कुठून करायची, आणि आईने कपाटात जपून ठेवलेल्या वडलांच्या शर्टांची गोधडी करावी का. प्रश्न चार आहेत नि चारही मोठे आहेत म्हणून सावकाश लिहिते. मी माण तालुक्यातली, गोधडी शिवणं आईकडून नि आजीकडून हातात आलं, पुण्यात आल्यावर तोच व्यवसाय झाला आणि आता बरीच वर्षं शिकवतेही. माझ्याकडे येणाऱ्यातले निम्मे तरी तुमच्यासारख्याच कारणाने येतात.

फरक पडतो. पण हल्ली जसं सांगतात तसा नाही. हल्ली ताण घालवायचं किट म्हणून बॉक्स मिळतो, त्यात लाकडी रिंग, छापील डिझाईन, सहा रंगांचे दोरे, लोक हौसेने आणतात, दोन संध्याकाळी करतात, बॉक्सवरच्या फोटोसारखं आपलं दिसत नाही म्हणून वैतागतात आणि ड्रॉवरमधे टाकून देतात. माझं स्पष्ट मत आहे की ज्याचं मन ठिकाणावर नाही त्याने भरतकामाने सुरुवात करू नये. भरतकाम सुंदरच आहे, पण तिथे प्रत्येक पाकळीला काहीतरी ठरवावं लागतं, कुठला रंग, किती दाट, कुठे थांबायचं, आणि तुमचं डोकं तर ठरवून ठरवूनच दमलंय. गोधडीचा धावदोरा म्हणजे सुई खाली, वर, खाली, वर, एकच टाका, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत तोच. ठरवायचं काही उरत नाही आणि दमलेल्या माणसाला नेमकं तेच हवं असतं.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. शांत व्हायला म्हणून शिवायला बसू नका, कोणाला तरी पांघरायला हवंय म्हणून बसा. शांत झालो का, आता झालो का असं दर दहा मिनिटांनी स्वतःला विचारत बसलेला माणूस मी खूप वेळा बघितलाय, त्याला काही होत नाही, उलट हेही जमत नाही म्हणून आणखी खचतो. पण बहिणीचं बाळ पुढच्या महिन्यात येणारे, त्याला दुपटं हवंय, असं म्हणून जो बसतो त्याचं लक्ष दुपट्यावर असतं, आणि शांतता त्याला मागाहून कळते, कधी कधी घरातल्यांना त्याच्या आधी कळते. आमच्या बायकांनी शतकानुशतकं गोधड्या शिवल्या त्या थेरपी म्हणून नाही, घरात पोरं होती, थंडी होती आणि विकतची ब्लँकेटं घ्यायला पैसे नव्हते म्हणून. काम गरजेचं होतं म्हणूनच ते मनालाही पुरलं असं मला वाटतं.

आता नक्की होतं काय ते माझ्या अनुभवाने सांगते. गोधडी शिवताना दोन्ही हात गुंततात. वरच्या हाताने सुई चालवायची, खालच्या हाताच्या बोटाने कापडाखाली टोक लागलं का ते चाचपायचं, चार पाच टाके सुईवर घ्यायचे आणि मग हात लांब करून दोरा ओढायचा. त्या ओढण्याबरोबर आपोआप श्वास सुटतो, कोणी सांगावं लागत नाही. पहिली पंधरा वीस मिनिटं मन नुसतं भांडत असतं, दोरा गुंततो, सुई टोचते, पाठ दुखते, काय हे करत बसलोय असं वाटतं. बरेच जण इथेच उठतात. ती वीस मिनिटं काढली की हाताला लय सापडते. विचार बंद होत नाहीत हं, तसं कोणी सांगितलं असेल तर ते खोटं आहे. विचार येतातच, ईएमआय येतो, वडलांचं हॉस्पिटल येतं, पण त्यांचा वेग हाताच्या वेगाला येऊन मिळतो, एका ओळीत एकच विचार मावतो आणि ओळ संपली की तो बहुतेक वेळा पुढे जातो. शिवाय हातात सुई असताना फोन धरता येत नाही, ही साधी गोष्ट आहे पण तुमच्या बाबतीत कदाचित सगळ्यात मोठी.

अभ्यासाचं विचाराल तर २०१३ मधे ब्रिटनमधल्या ऑक्युपेशनल थेरपीच्या जर्नलमधे स्वेटर वगैरे विणणाऱ्या साडेतीन हजारांहून जास्त लोकांचा सर्व्हे छापून आला होता, त्यात जे जास्त वेळा विणतात त्यांनी आपल्याला जास्त शांत नि आनंदी वाटतं असं सांगितलं होतं. ते विणकाम होतं, शिवणकाम नाही, आणि ज्यांना ते आवडतं त्यांनीच फॉर्म भरले असणार, त्यामुळे मी त्याला पुरावा म्हणून फार ताणत नाही. पण हाताला एकाच तालाची पुन्हा पुन्हा करायची हालचाल मिळाली की जीव स्थिरावतो हे जात्यावर दळणाऱ्या बाईलाही माहीत होतं.

पुरुषाने शिवावं का, तर यात चालतं का हा प्रश्नच नाही. आपल्याकडे कपडे शिवायचं काम पिढ्यानपिढ्या शिंपी पुरुषच करत आलेत, नामदेव महाराज शिंप्याच्या घरातले, गुरु ग्रंथसाहिबात त्यांची जी पदं आहेत त्यातल्या एकात गज, कात्री, सुई, दोरा असं सगळं येतं, म्हणजे हातातलं काम आणि नामस्मरण त्यांना वेगळं नव्हतंच. आणि अडचणीच्या काळात पुरुषांनी सुई धरल्याची उदाहरणं मी मुद्दाम शोधून वाचते कारण क्लासला येणारे पुरुष पहिल्या दिवशी दाराकडे पाठ करून बसतात, बाहेरून कोणी बघू नये म्हणून, ते मला बघवत नाही.

पहिल्या महायुद्धात हातपाय गमावलेले, अंथरुणाला खिळलेले इंग्लंडचे सैनिक होते, त्यांच्यासाठी १९१८ मधे एक भरतकामाची संस्था उभी राहिली, तिच्यामागे अर्नेस्ट थेसिजर नावाचे नट होते, ते स्वतः सैन्यात जखमी होऊन आले होते आणि स्वतः उत्तम भरतकाम करायचे. लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलच्या वेदीवर घालायचं कापड अशाच शंभराहून जास्त जखमी सैनिकांनी मिळून भरलंय. दुसरं उदाहरण दुसऱ्या महायुद्धातलं, ब्रिटिश सैन्यातल्या मेजर कॅसडाग्ली यांचं. ते क्रीटमधे पकडले गेले आणि जर्मनांच्या कैदेत होते, सोबतच्या कैद्याने दिलेला कॅनव्हासचा तुकडा आणि एका म्हाताऱ्या ग्रीक जनरलच्या उसवलेल्या स्वेटरचा दोरा घेऊन त्यांनी डिसेंबर १९४१ मधे एक भरतकाम केलं. मधे नाव, जागा, तारीख असं साधं, आणि कडेच्या नक्षीत मोर्सच्या, म्हणजे तारेच्या सांकेतिक लिपीच्या, ठिपक्या नि रेघांमधे आपल्या राजाचा जयजयकार आणि हिटलरला सरळ शिवी. जर्मनांना ते वाचता आलं नाही, त्यांनी ते कौतुकाने कैद्यांच्या छावण्यांमधून प्रदर्शनाला मांडलं. चार वर्षं कैदेत काढलेल्या माणसाला त्या कडेच्या ठिपक्यांनी किती बळ दिलं असेल याचा विचार मी शिवताना पुष्कळदा करते.

आणि बायकांचं म्हणाल तर सिंगापूरचं चांगी तुरुंगाचं उदाहरण मला सगळ्यात जवळचं आहे. फेब्रुवारी १९४२ मधे सिंगापूर जपान्यांच्या हातात पडलं, बायका नि पोरं एकीकडे कोंडली, नवरे दुसरीकडे, सैनिक तिसरीकडे. कोण जिवंत आहे कोण नाही कोणालाच माहीत नाही, चिठ्ठी पाठवायला बंदी. तेव्हा एथेल मल्व्हेनी नावाच्या कॅनेडियन बाईंनी गोधडीची कल्पना काढली. प्रत्येकीला सहा इंची पांढरा चौकोन दिला, त्यावर स्वतःचं काहीतरी भरा नि नाव टाका म्हणून सांगितलं. असे ६६ चौकोन जोडून एक गोधडी, अशा तीन झाल्या, एक ब्रिटिश, एक ऑस्ट्रेलियन आणि एक जपानी जखमींसाठी म्हणून. जपानी जखमींसाठी केली म्हणूनच पाठवायची परवानगी मिळणं सोपं गेलं असं म्हणतात. हॉस्पिटलमधे ती गोधडी उघडली की पुरुष आपल्या बायकोचं नाव शोधायचे. त्यातल्या दोन आज ऑस्ट्रेलियाच्या युद्ध स्मारक संग्रहालयात आहेत आणि तिसरी ब्रिटिश रेड क्रॉसकडे. मी वर म्हटलं ना की कोणासाठी तरी शिवा, ते मी या बायकांकडून जास्त पक्कं शिकले. त्यांना मन रमवायला काहीतरी हवं होतं हे खरंच, पण चौकोनात जीव आला तो पलीकडे कोणीतरी वाचणारे यामुळे.

आमच्या माणदेशात असं काही लिहून ठेवलेलं नाही. पण बहात्तरच्या दुष्काळाचं आई सांगायची, दिवसभर रोजगाराच्या कामावर खडी फोडायची, सुकडी घेऊन घरी यायचं आणि चिमणीच्या उजेडात जुन्या लुगड्याला लुगडं जोडत बसायचं. तेव्हा थंडीपेक्षा, झोप यायची नाही म्हणून शिवायचो असं ती म्हणायची. चार जणी एकाच गोधडीच्या चार बाजूंना बसायच्या, कोणाचं जनावर गेलं, कोणाचा नवरा मुंबईला गेला तो पत्र नाही, हे सगळं बोलणं खाली मान घालून व्हायचं. हे खाली मान घालून बोलणं फार कामाचं असतं. समोरासमोर बसून कोणाच्या डोळ्यात बघून जे बोलवत नाही ते सुईकडे बघत बोलता येतं. म्हणून माझा आग्रह असतो की आठवड्यातून एकदा तरी कोणाबरोबर बसा. क्लासच लावला पाहिजे असं नाही. तुमच्या सोसायटीत कामाला येणाऱ्या मावशींना विचारा, सोलापूर, बीड, नगर, सातारा कुठूनही आलेल्या असतील तर बहुतेकींना गोधडी येत असते, फक्त कोणी विचारलेलं नसतं. त्यांना शिकवायला सांगा आणि त्या वेळेचे पैसे रीतसर द्या, ते ज्ञान आहे, फुकट मागायची वस्तू नाही.

आता प्रत्यक्ष काम. पहिल्यांदा पूर्ण गोधडीला हात घालू नका, दीड फूट बाय दीड फूट एक बसकर करा, जेवायला खाली बसायला किंवा आईला देवापुढे बसायला. कापड जुनं सुती, धुऊन धुऊन मऊ झालेलं, जुनी साडी, धोतर, चादर, सुती कुर्ता काहीही. नवीन कापडात खळ असते आणि सुई अडते. टेरिकॉट, पॉलिस्टर आत घालू नका, एक तर सुई जात नाही आणि दुसरं म्हणजे त्यातून हवा खेळत नाही, अंगाखाली घाम येतो. खालचं अस्तर, मधे दोन थर, वरचं कापड असे चार थर पुरेत. वरच्या कापडावर हवे तर रंगीत तुकडे ठेवा, कडा आत दुमडून नखाने दाबायच्या, इस्त्री लागत नाही.

सुई लांब घ्या, साधारण बोटाएवढी, नेढं मोठं असलेली. दाभण नको, ते पोत्याला. दोरा जाडसर सुती, बोटांनी ओढून तुटत नाही असा, आणि एका वेळी हातभरच घ्यायचा, ओवायचा कंटाळा म्हणून लांब घेतला की गाठी पडतात आणि सगळी शांतता तिथेच जाते. दोऱ्याला मेणाच्या तुकड्यावरून एकदा ओढून घ्या. अंगुस्तान, म्हणजे सुई ढकलायला बोटात घालायची टोपी, उजव्या हाताच्या मधल्या बोटात, पहिले दोन दिवस नकोसं वाटेल पण घाला, नाहीतर चौथ्या दिवशी बोट सुजून काम बंद पडेल.

थर अंथरायचे ते जमिनीवर, आधी फरशी झाडून पुसून घ्या. कापड ताणून चारी कोपऱ्यांवर काहीतरी जड ठेवा, आमच्याकडे पाट नि वरवंटा ठेवायचे, तुम्ही पुस्तकं ठेवा. मग मोठे मोठे कच्चे टाके घालून थर एकमेकांना धरून ठेवायचे, मधून बाहेर. हे नीट केलं नाही तर शेवटी एका कोपऱ्यात फुगा येतो आणि तो काही केल्या जात नाही. हे काम दोघांनी करायचं असतं, आईला बोलवा.

खरी शिलाई कडेपासून सुरू करायची. एक कोपरा धरायचा, कडेकडेने चारी बाजू फिरून यायचं, मग बोटभर आत सरकून दुसरा फेरा, मग तिसरा, असं चौकोनात चौकोन करत मध्यापर्यंत. कर्नाटकात उत्तर कन्नडमधे हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडच्या भागात सिद्दी बायका जी कवंदी म्हणजे त्यांची गोधडी शिवतात तीही अशीच कोपऱ्यातून सुरू होते, तुकडे लावत लावत फेरे घेत आत येते. सिद्दी म्हणजे मूळचे आफ्रिकेतून आणलेले लोक, त्यातल्या बऱ्याच जणांचे पूर्वज गोव्यात पोर्तुगीजांचे गुलाम होते आणि तिथून जंगलात पळून आले. त्या कवंदीचे रंग एकदा तरी बघा, कोपऱ्यांवर घड्या घालून त्रिकोणी फूल लावतात आणि त्याशिवाय ती पुरी झाली असं मानत नाहीत. ज्या लोकांकडून सगळं हिसकावून घेतलं गेलं त्यांच्या बायकांच्या हातचं हे काम आहे, चिंध्यांचं आहे, आणि त्यात कुठेही रडकेपणा नाही.

फेऱ्याच्या पद्धतीचा तुमच्यासाठी फायदा असा की आखायला लागत नाही. आधीचा फेरा हीच पुढच्याची रेघ. टाका ज्वारीच्या दाण्याएवढा आला तर उत्तम, सुरुवातीला त्याच्या दुप्पट येईल, येऊ द्या. आणि वाकडं गेलं म्हणून उसवू नका. उसवायचं फक्त कापड गोळा होत असेल तर, दिसायला बरं नाही म्हणून कधीच नाही. उसवत बसणाऱ्या माणसाचं मन शांत होत नाही हे मी शंभर टक्के खात्रीने सांगते. गाठी थरांच्या आत सरकवायच्या, वर दिसू द्यायच्या नाहीत, कारण त्या अंगाला टोचतात.

वेळ म्हणाल तर रोज अर्धा तास, शक्यतो दिवसाउजेडी, खिडकीशी, पाठ भिंतीला टेकून. अर्धा तास झाला की उठायचं, मान मोकळी करायची, मग हवं तर परत. जोरात सुटले म्हणून पहिल्याच दिवशी चार तास बसाल तर दुसऱ्या दिवशी मान वळणार नाही. तिन्हीसांजेला सुई धरू नये असं जुनी माणसं म्हणतात, त्यात मला तरी डोळ्यांची काळजी दिसते. पण तुमचा त्रास रात्रीचा आहे, त्यामुळे तुम्हाला वेगळं सांगते. दिवसा सात आठ सुया ओवून, गाठ मारून एका उशीला टोचून ठेवा. रात्री जाग आली आणि हात फोनकडे जायला लागला की उठून चांगल्या दिव्याखाली बसा आणि ओवलेल्या सुया संपेपर्यंतच शिवा. रात्री अडीच वाजता सुई ओवता आली नाही की माणसाला रडू येतं, म्हणून ती तयारी दिवसा. सुया संपल्या की अंथरुणावर पडायचं, झोप आली तर आली. फोन दुसऱ्या खोलीत. गाणी चालतील, रेडिओ चालेल, बातम्या आणि त्या चर्चांचे पॉडकास्ट अजिबात नाही, कारण हात शांत आणि कानात युद्ध असं काही जमत नाही.

एक गोष्ट मात्र काळजीने सांगते. सुई हे औषध नाही. आठवडेच्या आठवडे झोप नसेल, जेवण जात नसेल, जगण्यात अर्थ नाही असे विचार येत असतील तर गोधडीच्या आधी डॉक्टर. सरकारची टेली मानस हेल्पलाईन आहे, १४४१६, फोन करायला पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी काही जण गोळ्या चालू असताना शिवतात, दोन्ही बरोबर चालतं, आणि गोळी घेतो म्हणून कोणी कमी ठरत नाही.

नोकरी गेलीये म्हणून तुमच्या मनात हेही येईल की याचाच बिझनेस करावा का. कच्छचं उदाहरण लोक देतात आणि ते खरंच मोठं आहे. १९६९ मधे तिकडे दुष्काळ पडला होता, चंदाबेन श्रॉफ धानेटी गावी मदतीला गेल्या, तिथल्या बायका फुकटची मदत घ्यायला तयार नव्हत्या, त्यांच्या अंगावरचं भरतकाम बघून चंदाबेननी त्यांना साड्या भरायला दिल्या आणि त्यातून श्रुजन ही संस्था उभी राहिली. हातात स्वतःच्या कामाचे पैसे आले की जी शांतता येते तिला कशाचीच सर नाही, दुष्काळात तर नाहीच. पण त्या बायका लहानपणापासून सुई धरलेल्या होत्या. तुम्ही आत्ता सुरुवात करताय. मोठी गोधडी हाताने शिवायला आठवडे जातात आणि गिऱ्हाईक आलं की मशीनच्या रजईच्या भावात मागतं, जुन्याच तर साड्या आहेत असं तोंडावर म्हणतं. ते ऐकायची ताकद आत्ता तुमच्यात नाहीये आणि ती असायची गरजही नाही. निदान पहिल्या दोन तीन वस्तू विकू नका, ऑर्डर घेऊ नका, फोटो टाकून किती लाईक आले ते मोजू नका. नोकरी शोधायचं काम वेगळं चालू ठेवा, सकाळी ते करा आणि दुपारी हे.

शेवटी शर्ट. हा प्रश्न तुम्ही शेवटी एका ओळीत विचारलात पण मला वाटतं खरा प्रश्न हाच आहे.

आत्ता कापू नका. आधी बसकर, मग बाळाचं दुपटं, हात बसू दे. वडलांच्या कापडावर पहिला वाकडा टाका पडला तर तो तुम्हाला खूप लागेल आणि तसं व्हायला नको. आणि मुख्य म्हणजे ते शर्ट तुमचे एकट्याचे नाहीत. आईला विचारा, पण कापू का असं विचारू नका, कुठले ठेवायचे असं विचारा. काही घरात गेलेल्या माणसाचे कपडे दहाव्या तेराव्याला देऊन टाकतात, वापरू नये म्हणतात, आईच्या मनात तसं काही असेल तर त्या मताचा मान ठेवा, वाद घालू नका. पण आपल्याकडेच आजीच्या लुगड्याच्या गोधडीत बाळाला गुंडाळायची रीतही आहे, तीही तितकीच जुनी आहे, हे त्यांना सहज बोलता बोलता सांगा. बऱ्याच आया हे ऐकून स्वतःच कपाट उघडतात. माझ्याकडे एक बाई आल्या होत्या, नवऱ्याचे शर्ट घेऊन, तीन वेळा नुसत्या पिशवी घेऊन बसल्या आणि परत गेल्या. चौथ्या वेळी त्यांनी कात्री मागितली. तो वेळ त्यांचा होता, त्यात कोणी घाई करायची नसते.

कापायची वेळ आली की एक शर्ट अख्खा बाजूला ठेवा, तो कधीच कापायचा नाही. बाकीच्यातले सुती वेगळे करा, टेरिकॉट वेगळे. टेरिकॉटचे तुकडे वरच्या बाजूला लावायला चालतात, आतल्या थरात सुतीच हवं. पाठीचा भाग सगळ्यात मोठा आणि सलग मिळतो, आधी तो काढा, मग पुढचे दोन पाखे, मग बाह्या. खिसा उसवू नका, शर्टावर जसा आहे तसाच तो चौकोन कापा आणि गोधडीच्या डोक्याच्या बाजूला लावा, वडील त्यात पेन, बसचा पास काय ठेवत असतील ते आई तुम्हाला सांगेल. बटणाची पट्टी अंगाला टोचते म्हणून ती पायाच्या बाजूला किंवा बटणं काढून. डाग असतील, वंगणाचे, शाईचे, ते राहू द्या. आतल्या थरांना आईचीच जुनी सुती साडी घ्या. एकेरी गोधडी साधारण चार फूट बाय सात फूट, एका सहावारी साडीत तेवढ्या मापाचे दोन थर निघतात, तुम्हाला मधे दोन थर हवेत म्हणजे एक साडी पुरते, अस्तराला दुसरी.

आणि शिवताना आईला एक बाजू द्या. त्यांचा टाका वेगळा दिसेल, तो वेगळाच दिसू दे.

धुण्याचं विचारलं नाहीत पण सगळे नंतर विचारतात म्हणून आत्ताच सांगते. पहिल्यांदा गार पाण्यात एकटीच भिजवा, जुना असला तरी एखादा लाल नि निळा तुकडा रंग सोडतोच. पावडर थोडी. मशीनमधे टाकली तरी पिळायचं बटण दाबू नका, दोघांनी दोन टोकं धरून पाणी निथळून घ्यायचं आणि कडक उन्हात उलटी टाकायची. गावाकडे नवरात्राच्या आधी घरातल्या सगळ्या गोधड्या नदीवर जातात, वर्षातून एवढं एक मोठं धुणं पुरतं, बाकी नुसतं ऊन दाखवलं तरी चालतं. बसकर झालं की त्याचा मागच्या बाजूचा फोटो पाठवा, पुढचा नको, मागच्या बाजूवरून मला कळेल दोरा किती ओढला जातोय ते, मग पुढचं सांगते.